किरणोत्सर्गापासून प्राण्यांचं संरक्षण आणि पेशीतली स्वतःची रसायनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकाचे विद्यार्थी, आजारी कुत्र्या-मांजरांचे पालक आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्राण्याची पेशी स्वतःच काही रसायनं बनवते आणि ती रेडिएशनपासून तिचं रक्षण करतात, ही गोष्ट खरी आहे, मोजलेली आहे. पण हे रक्षण वेळेशी घट्ट बांधलेलं आहे. ते रसायन मारा होण्याच्या क्षणी पेशीत हजर असेल तरच उपयोगाचं; नंतर आलेलं त्या कामाचं नाही. ही एक अट नीट लक्षात घेतली की खालची बहुतेक उत्तरं आपोआप उलगडतात.

रेडिएशन प्राण्याच्या शरीरात नेमकं काय बिघडवतं?

क्ष-किरण आणि गॅमा किरण पेशीतून जाताना अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. पेशीत सर्वांत जास्त असतं ते पाणी, त्यामुळे बराचसा मारा पाण्यावरच होतो. पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. हे मूलक कमालीचं क्रियाशील असतं. काही नॅनोसेकंदांत आणि काही नॅनोमीटरांच्या अंतरात, जे समोर येईल त्याचा हायड्रोजन ते हिसकावून घेतं. समोर डीएनए असेल तर डीएनए तुटतो. क्ष-किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या इजेचा साधारण दोन तृतीयांश भाग या आडवाटेने, म्हणजे पाण्यामार्फत होतो. उरलेला थेट माऱ्याने होतो.

एक ग्रे मात्रा मिळाली तर एका पेशीत डीएनएचा एक धागा तुटण्याच्या साधारण हजार आणि दोन्ही धागे तुटण्याच्या साधारण चाळीस घटना होतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहज सांधते. खरी भीती दोन्ही धागे एकत्र तुटण्याची असते.

ग्रे म्हणजे किती? आणि कुठला प्राणी किती सहन करतो?

एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे. चार ग्रे मात्रा सबंध शरीराला एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. गंमत अशी की या चार ग्रेने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढंच वाढतं. म्हणजे मृत्यू उष्णतेने येत नाही; थोडीशी ऊर्जा नको त्या रेणूंवर पडल्यामुळे येतो. मोजके रेणू वाचवले तर सगळा प्राणी वाचू शकेल, ही आशा याच गोष्टीतून जन्मली.

प्राण्याप्राण्यांत फरक बराच आहे. कुत्रा, शेळी, डुक्कर यांच्यासाठी ही निम्म्या मृत्यूंची मात्रा अडीच-तीन ग्रेच्या आसपास येते. उंदरांत ती वाणानुसार सहा ते नऊ ग्रे असते. उंदरावरचा आकडा जसाच्या तसा कुत्र्याला लावता येत नाही, त्याचं हे पहिलं कारण.

पेशीतली ही संरक्षक रसायनं कोणती?

सर्वांत महत्त्वाचं ग्लुटाथायोन. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी प्राण्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, आणि तिची संहती एक ते दहा मिलिमोलर म्हणजे बरीच मोठी असते. तिचं सगळं बळ सिस्टीनच्या टोकाला असलेल्या गंधक-हायड्रोजन जोडीत आहे. हा हायड्रोजन ती पटकन देऊन टाकते. एक तर ती मूलकालाच हायड्रोजन देऊन शांत करते, नाहीतर मूलकाने डीएनएचा हायड्रोजन पळवलेला असेल तर त्या जागी आपला बसवते. दुसरं काम जास्त मोलाचं, कारण त्यात झालेली इजा जागच्या जागी भरून निघते.

याशिवाय ऑक्सिजनपासून बनणारे घातक रेणू निकामी करणारी सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटॅलेज ही एन्झाइमं आहेत. मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन आहे. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलेल्या या प्रथिनातलं जवळजवळ प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल सिस्टीन असतं. पेशीच्या आवरणातलं ई जीवनसत्त्व, मेलॅटोनिन, आणि मँगनीजचे लहान संयुग-समूह हेही याच यादीतले. मँगनीजबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण मला त्यात सर्वांत जास्त शक्यता दिसते.

प्राण्यावर हे प्रथम कोणी सिद्ध केलं?

शिकागोजवळच्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ साली. हिरोशिमा-नागासाकीला चार वर्षं झाली होती आणि रेडिएशनवर औषध असू शकतं का, हा प्रश्न सगळ्या जगापुढे होता. गंधक-हायड्रोजन जोडी असलेली एन्झाइमं रेडिएशनने लवकर निकामी होतात, असा एक विचार त्या काळी पुढे आला होता. मग हीच जोडी असलेलं साधं अमिनो आम्ल प्राण्याला आधीच भरपूर दिलं तर? पॅट यांनी मोठ्या उंदरांना क्ष-किरणांच्या प्राणघातक मात्रेआधी सिस्टीन टोचलं. बरेच उंदीर जगले. तेच सिस्टीन क्ष-किरणांनंतर दिलं तर काहीच उपयोग झाला नाही.

या प्रयोगाचा हा दुसरा अर्धा भाग लोक सांगायला विसरतात. माझ्या मते तोच अधिक शिकवणारा आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक काही मिनिटांचा होता, पण रेणूंच्या हिशेबात सगळा खेळ तोवर कधीच आटोपलेला होता.

दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, बेल्जियममधल्या लीज विद्यापीठात झेनॉन बाक यांनी सिस्टिअमीन हे आणखी लहान संयुग तपासलं. तेही पेशीतलंच, कोएन्झाइम ए या रेणूचा तो एक तुकडा. सिस्टीनच्या मानाने कितीतरी कमी मात्रेत त्याने उंदरांना तसंच संरक्षण दिलं.

मग सिस्टीन किंवा सिस्टिअमीन औषध म्हणून का रुळलं नाही?

मात्रेमुळे. उंदराला उपयोगी पडेल एवढं सिस्टीन म्हणजे शरीराच्या एका किलोमागे जवळपास एक ग्रॅम, आणि तेही टोचून. वीस किलोच्या कुत्र्याला वीस ग्रॅम शिरेतून देण्याचा विचार करून पाहा. सिस्टिअमीन कमी लागतं, पण मळमळ आणि उलट्या होतात, शिवाय रक्तदाब उतरतो. संरक्षक मात्रा आणि विषारी मात्रा यांत पुरेसं अंतर नाही, ही या सगळ्या कुळाची अडचण आहे.

ती सोडवण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने १९५९ पासून पुढे चार हजारांहून अधिक संयुगं तपासली. त्यांतून डब्ल्यूआर-२७२१ वर आलं. आज त्याला अ‍ॅमिफोस्टीन म्हणतात. सिस्टिअमीनच्याच धाटणीचा हा रेणू, पण त्याचं गंधकाचं टोक फॉस्फेटने झाकलेलं आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम ते झाकण काढतं आणि मग खरा संरक्षक रेणू पेशीत शिरतो. उंदरांच्या अस्थिमज्जेसाठी त्याचा मात्रा-घटक २.७ पर्यंत गेला. म्हणजे औषधाविना एक ग्रेने जेवढं नुकसान झालं असतं, तेवढंच व्हायला औषध दिल्यावर २.७ ग्रे लागले. आतड्यांसाठी हा आकडा साधारण १.८ होता. मेंदूला मात्र त्याचा आधार नाही, कारण रक्तातून मेंदूत ते फारसं पोचतच नाही.

माणसांत डोके-मानेच्या कॅन्सरला लाइट (म्हणजे रेडिओथेरपी) देताना तोंड कोरडं पडू नये म्हणून अमेरिकेत १९९९ साली त्याला मान्यता मिळाली. ते रेडिएशनच्या १५ ते ३० मिनिटं आधी शिरेतून द्यावं लागतं. उलट्या आणि रक्तदाब उतरणं हे त्रास अजूनही टळलेले नाहीत.

रेडिएशन होऊन गेल्यावर काहीच करता येत नाही का?

करता येतं, पण ते काम वेगळं आहे. मूलकं विझवण्याची वेळ निघून गेलेली असते. आता उरलेल्या पेशींकडून शरीर पुन्हा उभं करून घ्यायचं असतं.

शिकागो विद्यापीठात लिऑन जेकबसन यांनी १९४९ च्या सुमारास उंदराची प्लीहा शिशाने झाकून बाकी सगळ्या शरीरावर क्ष-किरण सोडले. उंदीर जगले. झाकलेल्या प्लीहेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशींनी सगळं शरीर सावरलं होतं. अस्थिमज्जा रोपणाची वाट इथूनच निघाली.

पुढे शरीर स्वतः बनवतं ती संदेशवाहक प्रथिनं कामी आली. इंटरल्यूकिन-१ आधी दिलं तर उंदीर वाचतात, हे १९८६ मध्ये दिसलं. त्याहून जास्त कामाचं ठरलं ते जी-सीएसएफ, म्हणजे अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवायला सांगणारं प्रथिन. त्याचं औषधी रूप फिलग्रास्टिम. ऱ्हीसस माकडांना साडेसात ग्रेच्या आसपास मात्रा देऊन नंतर हे औषध सुरू केलं, तेव्हा साठ दिवसांनी ७९ टक्के माकडं जिवंत होती. औषधाविना ४१ टक्के. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किरणोत्सर्गाच्या तीव्र आजारासाठी त्याला मान्यता दिली. माणसांवर असा प्रयोग करणं अनैतिक असल्याने केवळ प्राण्यांवरच्या पुराव्यावर मान्यता देण्याचा खास नियम तिथे आहे, आणि ही मान्यता त्याखालीच मिळाली.

ऑक्सिजनचा यात काय संबंध?

फार जवळचा. मूलकाने डीएनएचा हायड्रोजन पळवला की त्या रिकाम्या जागेवर दोघांचा डोळा असतो. ग्लुटाथायोन आधी पोचलं तर इजा भरते. ऑक्सिजन आधी पोचला तर तो तिथे चिकटतो आणि इजा कायमची होते. ऊतीत ऑक्सिजन भरपूर असेल तर तेवढंच नुकसान करायला क्ष-किरणांची अडीच ते तीन पट कमी मात्रा पुरते. रेबेका गेर्शमन आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली मांडलं की, ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्यामागे एकच यंत्रणा आहे: मुक्त मूलकं. तेव्हा ती धाडसी कल्पना होती. आज पाठ्यपुस्तकात तिच्याशिवाय प्रकरण सुरू होत नाही.

ऊतीत ऑक्सिजन तात्पुरता कमी करणारी काही संयुगं प्राण्याला वाचवतात, तीही याच कारणाने. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या संशोधकांनी अ‍ॅडेनोसिन या पेशीतल्याच रेणूवर दीर्घ काम केलं. एएमपी (ज्यापासून शरीरात अ‍ॅडेनोसिन बनतं) आणि डायपिरिडॅमोल (अ‍ॅडेनोसिन पेशीत ओढलं जाणं रोखणारं औषध) एकत्र देऊन शरीरातलं अ‍ॅडेनोसिन वाढवलं, की उंदरांची रेडिएशन सहन करण्याची क्षमता वाढते, असं त्यांना आढळलं.

जिवाणूंपासून प्राण्यांना संरक्षण देणारं काही मिळालं का?

मिळालं आहे, आणि हा सगळा शोध मला अतिशय मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९५६ साली आर्थर अँडरसन गॅमा किरणांनी डबाबंद मांस टिकवण्याचे प्रयोग करत होते. सगळं मरायला हवं अशी मात्रा देऊनही एक डबा फुगला. त्यातून लालसर रंगाचा जिवाणू निघाला: डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. पाच हजार ग्रे तो जवळजवळ सहज पचवतो. माणूस चार ग्रेला संकटात येतो, हे लक्षात घ्या.

बरीच वर्षं समज असा होता की या जिवाणूचा डीएनए काही विशेष पद्धतीने सुरक्षित असावा. मोजल्यावर दिसलं, तसं नाही. तेवढ्याच माऱ्याने त्याचा डीएनए इतर जिवाणूंइतकाच तुटतो. फरक असा की त्याचे शेकडो तुकडे काही तासांत पुन्हा जोडले जातात. जोडणारी एन्झाइमं तर इतर जिवाणूंतही आहेत; मग तिथे का नाही जमत? मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे मायकेल डेली यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की, कणखर जिवाणूंत मँगनीज खूप आणि लोह कमी असतं. नाजूक जिवाणूंत उलट. २००७ मध्ये पुढचं पाऊल पडलं: मँगनीज वाचवतं ते प्रथिनांना. दुरुस्ती करणारी एन्झाइमं शाबूत राहिली तर तुटलेला डीएनए सांधता येतो. तीच बिघडली तर थोडीशी तूटही जीवघेणी ठरते. इतकी वर्षं सगळ्यांची नजर डीएनएवर खिळली होती, आणि रक्षण मिळत होतं ते दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना.

या जिवाणूच्या पेशीरसातून प्रथिनं गाळून काढली तरी उरलेल्या पाण्यात संरक्षक गुण राहतो. त्यात मँगनीज, फॉस्फेट, लहान पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) आणि न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांचे तुकडे) असतात, म्हणजे सगळी साधीसुधी, कुठल्याही पेशीत सापडणारी द्रव्यं. त्यावरून दहा अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड, मँगनीज आणि फॉस्फेट यांचं मिश्रण तयार केलं गेलं. त्याला एमडीपी म्हणतात. २०१६ साली ते उंदरांवर तपासलं. एरवी दहातले सात उंदीर महिन्याभरात दगावतील अशा ९.५ ग्रे मात्रेतून एमडीपी दिलेले उंदीर तगले. त्यांच्या पांढऱ्या पेशीही मोठ्या प्रमाणात टिकल्या.

याच मिश्रणाचा आणखी एक उपयोग आहे. लस बनवताना जंतूला प्रचंड मात्रा देऊन त्याचा जनुकीय ऐवज मोडायचा, पण त्याची प्रथिनं मात्र मूळ आकारात ठेवायची, कारण शरीर ओळखतं ती प्रथिनं. एमडीपीमुळे हे साधतं, आणि अशा लसींनी उंदरांना संरक्षण दिल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. जनावरांच्या लसींसाठी हा मार्ग फार कामाचा ठरू शकतो.

आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जिवाणूवर बऱ्याच वर्षांपासून संशोधन चालू आहे. त्याची दुरुस्तीयंत्रणा समजून घेण्याबरोबरच, त्यात जनुक घालून विरळ द्रावणातलं युरेनियम साक्याच्या रूपात वेगळं करण्याचं कामही तिथे झालं आहे.

आणि ते ‘पाणअस्वल’?

टार्डिग्रेड, अर्धा मिलिमीटरचा जीव. त्याच्या एका जातीत डीसप नावाचं प्रथिन सापडल्याचं जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. ते डीएनएला बिलगून राहतं. मानवी पेशींत त्याचं जनुक घातल्यावर क्ष-किरणांमुळे होणारी डीएनएची मोडतोड साधारण ४० टक्क्यांनी घटली. २०२५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या प्रथिनाचा संदेश-आरएनए सूक्ष्म कणांत भरून उंदरांच्या तोंडात आणि गुदमार्गात टोचला. रेडिएशन त्यानंतर दिलं. तिथली इजा स्पष्टपणे कमी झाली. प्रथिन थोडा वेळच टिकतं आणि टोचल्या जागीच राहतं, त्यामुळे दूरच्या गाठीला त्याचा फायदा मिळत नाही. तात्पुरतेपणा इथे गुण ठरतो.

सुपरऑक्साइड डिसम्युटेज देऊन काही साधलं का?

काही अंशी. हे एन्झाइम १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं. १९७५ मध्ये कॅनडात अ‍ॅब्राम पेटकाऊ यांनी ते उंदरांना टोचून क्ष-किरणांपासून संरक्षण मिळतं असं दाखवलं. पण एन्झाइम हा मोठा रेणू. तो पेशीत सहज शिरत नाही आणि रक्तात फार टिकत नाही. म्हणून मग त्याचंच काम करणारे मँगनीजचे छोटे रेणू घडवले गेले. त्यांतला अ‍ॅव्हासोपासेम माणसांतल्या चाचण्यांपर्यंत पोचला. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने पुरावा पुरेसा नाही म्हणून मान्यता नाकारली.

निरोगी पेशी वाचवताना कॅन्सरची गाठही वाचणार नाही का?

हीच खरी भीती, आणि ती रास्त आहे. गाठीच्या पेशींतही ग्लुटाथायोन असतं, कधी कधी निरोगी पेशींपेक्षा जास्त. अ‍ॅमिफोस्टीनमध्ये यावर एक नैसर्गिक उतारा आहे: झाकण काढणारं एन्झाइम निरोगी ऊतीत जास्त आणि गाठीत कमी काम करतं, कारण गाठीतल्या रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात आणि तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं. प्रत्येक संयुगाबाबत असा फरक असेलच असं नाही. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन यांची चाचणी झाली. २००५ साली तिचे निष्कर्ष आले. लाइटचा त्रास कमी झाला, पण कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. अँटिऑक्सिडंट हा शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढा एक निष्कर्ष तरी ध्यानात ठेवावा.

आमच्या कुत्र्याला लाइट द्यायचे आहेत. ग्लुटाथायोनच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

स्वतःच्या मनाने नको. कारण वरच्या उत्तरात आहे. शिवाय तोंडाने दिलेलं ग्लुटाथायोन आतड्यात बऱ्याच अंशी मोडतं, आणि रक्तात पोचलेलंही बहुतेक पेशी जसंच्या तसं आत घेत नाहीत. पेशी ते स्वतः आतमध्ये बनवतात आणि त्यासाठी त्यांना सिस्टीन लागतं. म्हणून पशुवैद्य गरज असेल तिथे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन वापरतात. मांजराने चुकून पॅरासिटामॉल खाल्लं तर त्यावर हेच औषध दिलं जातं, कारण त्या विषबाधेत ग्लुटाथायोन संपतं. पण विषबाधेवरचा उपाय म्हणजे लाइटवरचा उपाय नव्हे.

आपल्याकडे पाळीव प्राण्यांसाठी रेडिओथेरपीची सोय अजून फार थोड्या ठिकाणी आहे. जिथे मिळेल तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की सांगा: सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध, प्रत्येक टॉनिक, आणि घरगुती काढे. प्राण्याचं पोट भरतंय ना, हे बघा. उपाशी जनावराच्या यकृतातलं ग्लुटाथायोन झपाट्याने घटतं, त्यामुळे नीट खाणारा प्राणी हीच चांगली सुरुवात आहे. भूक मेली असेल तर ते लपवू नका. त्यावर औषधं आहेत.

तुळस, हळद यांचं काय?

या वनस्पतींमधल्या संयुगांवर भारतात गंभीर काम झालं आहे. मणिपालला पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी तुळशीतली ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही दोन संयुगं उंदरांवर तपासली, आणि अगदी कमी मात्रेतही संरक्षण दिसलं. ट्रॉम्बेला क्लोरोफिलिन या हरितद्रव्यापासून बनवलेल्या संयुगावर काम झालं. मात्र हे सारं शुद्ध केलेल्या, मोजून दिलेल्या द्रव्यांवरचं आहे. अंगणातल्या तुळशीची चार पानं खाणाऱ्या कुत्र्याला तेवढं संरक्षण मिळेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

अणुभट्टीत अपघात झाला तर गुरांना आयोडीन किंवा अशी संयुगं देतात का?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आतापर्यंत आपण बोललो ते बाहेरून येणाऱ्या किरणांबद्दल. अपघातानंतर गुरांपुढचा मोठा प्रश्न असतो तो चाऱ्यातून पोटात जाणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांचा. तिथे ग्लुटाथायोन कामाचं नाही. साधं आयोडीन थायरॉइड भरून टाकतं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. सिझियमसाठी त्याचा काहीच उपयोग नाही.

सिझियमसाठी उपयोगी पडतो प्रशियन ब्लू, तोच जुना निळा रंग. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर नॉर्वेच्या डोंगरी कुरणांत सिझियम पडलं आणि मेंढ्या व रेनडिअर यांच्या मांसात उतरलं. सामी पशुपालकांचं सगळं जगणं रेनडिअरवर. तिथे प्रशियन ब्लूच्या कुळातलं संयुग चाटणाच्या मिठात मिसळून किंवा मोठ्या गोळीच्या रूपात जनावराच्या रवंथाच्या कप्प्यात सोडलं गेलं. ते आतड्यातच सिझियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. ब्रिटनमध्ये तर काही भागांतल्या मेंढ्यांवरचे निर्बंध २०१२ साली उठले, इतकी ही गोष्ट लांबली.

फुकुशिमाचा अनुभव आणखी जिव्हारी लागणारा आहे. माणसं रातोरात हलवली गेली, गोठ्यांत बांधलेली कित्येक जनावरं चारापाण्यावाचून मेली, आणि मे २०११ मध्ये सरकारने २० किलोमीटरच्या टापूतली उरलेली गुरं मालकांच्या संमतीने मारण्याचा आदेश काढला. त्यांना रेडिएशनने मारलं नाही. अणुकेंद्राच्या आसपासच्या कुठल्याही आपत्कालीन योजनेत गुरांचं स्थलांतर आणि चारा यांची लेखी तरतूद हवी, असं मला मनापासून वाटतं. औषधाचा प्रश्न त्यानंतर येतो.

जनावराचा एक्स-रे काढताना काही संरक्षक द्यावं लागतं का?

नाही. एका साध्या एक्स-रेची मात्रा ग्रेच्या हजाराव्या भागाच्या आत असते. काळजी घ्यायची ती जनावराला धरून उभ्या राहणाऱ्या माणसाची: शिशाचा एप्रन घालावा आणि शक्य तिथे जनावराला गुंगीचं औषध देऊन माणसाने बाहेर थांबावं.

लासलगावला विकिरण केलेला कांदा जनावराला घातला तर?

काही होत नाही. कोंब येऊ नये म्हणून कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा दिली जाते. कांद्यात किरणोत्सर्ग मागे राहत नाही. (कुत्र्या-मांजरांना मात्र कुठलाच कांदा घालू नये, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.)

उंदरांत जमलं, तर गाय-कुत्रा-माणूस यांच्यात का जमत नाही?

उंदराचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम. त्याचा चयापचय वेगवान, आणि टोचलेलं औषध मिनिटांत सगळ्या ऊतींत पसरतं. प्रयोगात संशोधकाला माऱ्याची वेळ आधीच माहीत असते. खऱ्या अपघातात ती कोणालाच माहीत नसते. उलट्या हा आणखी एक अडसर: उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे सिस्टिअमीन-अ‍ॅमिफोस्टीनचा हा त्रास उंदरावरच्या प्रयोगात दिसतच नाही. तो पुढे कुत्र्यांत आणि माणसांत समोर येतो. म्हणूनच बातमीत ‘रेडिएशनवर औषध सापडलं’ असं वाचलं की आधी पाहावं: कोणता प्राणी, किती ग्रे, औषध आधी दिलं की नंतर, आणि किती दिवसांपर्यंत मोजलं. महिन्याभराने जिवंत असलेल्या उंदराला वर्षाने फुफ्फुसाचा आजार किंवा कॅन्सर होऊ शकतो.

प्राण्यांना रेडिएशन देऊन हे प्रयोग करणं योग्य आहे का?

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं मला पटत नाही. वर सांगितलेल्या प्रत्येक आकड्यामागे वेदना सोसून मेलेली जनावरं आहेत. भारतात अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. पेशींवर जे तपासता येतं ते प्राण्यावर करू नये, कमीत कमी प्राणी वापरावेत, आणि त्रास असह्य होण्याआधीच प्रयोग थांबवावा, हे नियम आज मान्य आहेत. जुन्या काळी मृत्यू येईपर्यंत वाट पाहत. आता वजन, हालचाल, श्वास यांवरून ठरवून प्राण्याला आधीच शांतपणे मरण दिलं जातं. मला वाटतं, आणखी एक गोष्ट सक्तीची व्हावी: अपयशी प्रयोगही प्रसिद्ध करणं. एका प्रयोगशाळेत फसलेला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा होतो तेव्हा ती जनावरं विनाकारण जातात.

या विषयात शिकायचं, काम करायचं असेल तर कुठे जावं?

रेडिएशन बायोलॉजी किंवा किरणोत्सर्ग जीवशास्त्र या नावाने शोधा. मुंबईत ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक, कर्नाटकात मणिपाल आणि दिल्लीला संरक्षण खात्याची इन्मास ही प्रमुख ठिकाणं. पशुवैद्यकाच्या पदवीधरांना इथे विशेष वाव आहे, कारण उंदरापलीकडच्या प्राण्यांची औषधमात्रा, त्यांचं रक्त आणि त्यांची आतडी जाणणारी माणसं या क्षेत्रात कमी आहेत. रसायनशास्त्राची तयारी मात्र पक्की हवी. मूलकांचा वेग आणि गंधकाची रसायनक्रिया समजल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.